जाड तैलरंगाने सुरुवात करताय?

जाड रंगाची ओढ लागली, उत्तम! तिरप्या उजेडात रंग लावायच्या सुरीचा प्रत्येक फटकारा दिसतो, त्यानेच हात शिवशिवतात. पण सगळा कॅनव्हास लिंपू नका. सावल्या पातळ ठेवा, जाडी फक्त उजेडाच्या जागी द्या. फळावरचा एक चमकता ठिपका पुरतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे रंगात जवसाचं तेल ओतणं. तेलकट जाड थर वरून साय धरतो, आत ओलाच राहतो आणि सुरकुततो. ट्यूबमधून येतो तसाच रंग वापरा. तरी सैल वाटला, तर तासभर साध्या कागदावर काढून ठेवा, जास्तीचं तेल कागद शोषून घेतो.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात खरेदीला गेलात तर एवढंच आणा:
- करणीसारखी वाकड्या मानेची सुरी
- २५×३० सें.मी.चा कॅनव्हास बोर्ड
- पांढऱ्याची मोठी ट्यूब (तोच आधी संपतो)

रंग ठेवला की सुरी उचला, पुसा. तिथेच चारदा घोळलात तर रंग मळतो.

२-३ मि.मी. थर आतपर्यंत वाळायला कित्येक महिने लागतात, पुण्याच्या पावसाळ्यात आणखी. तोवर व्हार्निश नको. मीडियमचा (रंगात मिसळायच्या तेलाचा किंवा जेलचा) विचार पाच-सहा चित्रं झाल्यावर.