लांबणारा सन व्हायझर: पट्टी किती खाली, किती रुंद आणि कशाची

तुमचा आराखडा नीट पाहिला. मूळ व्हायझरच्या (चालकाच्या डोळ्यांवरचं ऊन अडवायला छतापासून खाली वळवायची झडप) पोटातून त्याच्याच रुंदीची काळी, अपारदर्शक पट्टी १५ सेंटीमीटर खाली सरकणार, सेन्सर आणि छोटी मोटर तिला वर-खाली करणार, आणि तुम्हाला विचारायचंय की पट्टी कशाची करावी आणि १५ सेंटीमीटर पुरतील का. पुरतील, आणि पुरून उरतील. घोटाळा नेमका तिथेच आहे. मीही पहिल्यांदा पुठ्ठ्याची अशीच भलीमोठी पट्टी केली होती. सूर्य छान झाकला गेला, पण त्यासोबत चौकातला सिग्नलही गेला. मागच्याने हॉर्न मारला तेव्हा कळलं की दिवा हिरवा झालाय.

म्हणून साहित्याच्या आधी मापं. गाडी सपाट जागी उभी करा, नेहमी बसता तसेच बसा आणि शेजारच्या माणसाला दोन अंतरं मोजायला सांगा. पहिलं, डोळ्यापासून उतरवलेल्या व्हायझरच्या खालच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर. दुसरं, ती कड डोळ्याच्या पातळीपेक्षा किती वर आहे. माझ्या गाडीत हे आकडे ३५ आणि ५ सेंटीमीटर आले. ५ भागिले ३५, म्हणजे कोन साधारण ८ अंश. सूर्य ८ अंशांच्या वर आहे तोवर कंपनीचा व्हायझर पुरतो, त्याखाली उतरला की तिरीप थेट डोळ्यांत. माझ्या बायकोचे डोळे त्याच सीटवर ४ सेंटीमीटर खाली येतात, त्यामुळे तिच्यासाठी हाच कोन १४ अंशांवर जातो. विषुववृत्ताजवळ सूर्य तासाला जवळजवळ १५ अंश उतरतो. म्हणजे मावळतीकडे तोंड करून चालवताना मला शेवटचा अर्धा तास त्रास, तिला जवळपास तासभर. विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितका सूर्य तिरका उतरतो आणि हा वेळ आणखी लांबतो. उंची कमी असलेली माणसं व्हायझरला शिव्या घालतात त्याचं कारण हे आहे, आणि तुमची पट्टी खरी त्यांच्यासाठीच हवी.

आता खाली कुठवर यायचं? मी ४ अंशांवर थांबतो. ३५ सेंटीमीटरवर ४ अंश म्हणजे डोळ्याच्या पातळीपेक्षा अडीच सेंटीमीटर वर. माझ्यासाठी पट्टी अडीच सेंटीमीटर उतरली की काम झालं, बायकोसाठी साडेसहा. थोडी सूट धरून ७ सेंटीमीटर. तुमचे १५ पूर्ण उतरवले तर माझ्या बाबतीत पट्टीची कड डोळ्याच्या १० सेंटीमीटर खाली जाईल, म्हणजे क्षितिजाच्या १६ अंश खाली. मग रस्ता विसरा, जेमतेम बॉनेट दिसेल.

सिग्नलचंही गणित करून बघा. रस्त्यावर टांगलेला दिवा ५ मीटर उंच आणि तुमचा डोळा जमिनीपासून १.२ मीटरवर धरला, तर कंपनीचा व्हायझर उतरवलेला असताना दिवा २७ मीटरच्या आत आला की दिसेनासा होतो. पट्टी ४ अंशांपर्यंत आणली की हेच अंतर ५४ मीटर होतं. दुप्पट. पट्टी अपारदर्शक असेल तर हा सगळा टापू आंधळा. त्यामुळे पूर्ण रुंदी आणि पूर्ण काळं, या दोन्हीवर मी काट मारेन.

रुंदी किती हे समजायला एक गोष्ट लक्षात घ्या: सूर्याचे किरण जवळजवळ समांतर येतात, त्यामुळे पट्टीची सावली तोंडावर पट्टीएवढीच पडते. सूर्याचं बिंब आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचं, ३५ सेंटीमीटरवर त्याची रुंदी भरते ३ मिलिमीटर. एका डोळ्यापुरतं पाहिलं तर नाण्याएवढा तुकडासुद्धा पुरतो. पण डोळे दोन, त्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोठ्या माणसात सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास, आणि रस्ता वळतो. गाडीचं तोंड १० अंश फिरलं की सावली ६ सेंटीमीटर बाजूला सरकते. दोन्ही बाजूंना १० अंशांची मोकळीक ठेवायची तर ६ अधिक ६ अधिक ६, म्हणजे १८-१९ सेंटीमीटर. एवढी पट्टी करा आणि ती व्हायझरच्या खालच्या कडेने डावी-उजवी सरकू द्या. सूर्य सहसा नाकासमोर नसतोच, तो व्हायझर आणि आरशाच्या मधल्या फटीतून नाहीतर काचेच्या खांबाजवळून येतो, आणि आडव्या सरकण्याचा तिथे उभ्या सरकण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

हाच विचार टोकाला नेला की काय होतं ते गाड्यांचे भाग बनवणाऱ्या बॉश कंपनीने २०२० च्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात दाखवलं होतं. पारदर्शक एलसीडीचा व्हायझर, चालकाचे डोळे टिपणारा कॅमेरा, आणि डोळ्यांवर सावली पडेल तेवढेच षटकोनी तुकडे काळे होतात, बाकीचा व्हायझर काचेसारखा स्वच्छ. आपल्याला ते घरी जमणार नाही, पण ‘डोळ्यांपुरतीच सावली’ हे तत्त्व साध्या सरकत्या पट्टीलाही लागू पडतं.

आता रंगाचा प्रश्न, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाजारातल्या बहुतेक रंगीत फळ्या इथेच चुकतात. सूर्य डोळ्यांत आल्यावर रस्ता का दिसत नाही? डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात आणि भिंगात थोडा प्रकाश विखुरतो आणि त्याचं एक पांढुरकं पटल सगळ्या दृश्यावर पसरतं, धुरकट काचेतून बघितल्यासारखं. १९२० च्या दशकात हॉलाडे आणि स्टाइल्स या संशोधकांनी यावर काम केलं आणि त्यातून आलेलं सूत्र आजही वापरात आहे: पटलाची प्रखरता म्हणजे डोळ्यावर पडणारा प्रकाश गुणिले १०, भागिले कोनाचा वर्ग. कोन म्हणजे तुम्ही बघताय ती जागा आणि सूर्य यांच्यातला. समजा डोळ्यावर १०,००० लक्स (पडणाऱ्या प्रकाशाचं एकक) पडतायत आणि सूर्य नजरेपासून ५ अंशांवर आहे, तर पटल ४,००० कॅन्डेला प्रति चौरस मीटर (प्रखरतेचं एकक). तोच सूर्य २० अंशांवर असता तर २५०. मावळतीचं ऊन भर दुपारच्या उन्हापेक्षा कितीतरी मंद असूनही छळतं, ते यामुळे. वयही यात भर घालतं. सत्तरीत हे पटल तरुणपणीच्या साधारण दुप्पट होतं, मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखी. (पुढची काच आतून पुसली नसेल तर तीही असंच पटल तयार करते. काही बनवायच्या आधी ती पुसून बघा, अर्धी तक्रार तिथेच मिटेल.)

आता १० टक्केच प्रकाश जाऊ देणाऱ्या रंगीत पट्टीने सूर्य आणि रस्ता दोन्ही झाकले तर पटल दहापट मंद होईल, पण रस्ताही दहापट मंद होईल. दोघांचं गुणोत्तर जिथल्या तिथे. डोळ्यांना गार वाटेल, दिसणार मात्र तेवढंच. साध्या काळ्या गॉगलचीही तीच गत. उलट पट्टी सूर्यावर आणि रस्ता तिच्या खालून मोकळा, अशी रचना असेल तर पटल ४,००० वरून ४०० वर येतं आणि रस्त्याचा उजेड तसाच राहतो. खरा फायदा एवढ्या एकाच मांडणीत आहे. म्हणून पट्टी रंगीत असली तरी ती ‘बघण्यासाठी’ नाही. साधारण १० टक्के प्रकाश जाऊ देणारा करडा रंग घ्या, म्हणजे पट्टीमागे सिग्नल आला तर निदान कळेल कुठला दिवा लागलाय. पिवळा-तांबूस रंग टाळा, दिव्यांचे रंग फसतात. आणि १० टक्क्यांच्या पट्टीतूनसुद्धा सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पोलराइज्ड फिल्म, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा (ध्रुवीकृत) प्रकाश पुढे जाऊ देणारी, वापरू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. थेट सूर्यप्रकाश ध्रुवीकृत नसतो, त्यामुळे सूर्यावर ती साध्या करड्या पट्टीपेक्षा वेगळं काही करत नाही. ओल्या रस्त्यावरची चकाकी ती कापते, पण ती चकाकी दिसते खाली आणि पट्टी असते वर. शिवाय काही एलसीडी पडदे तिच्यातून काळे दिसतात. पैसे वाचवा.

साहित्य. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ८० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो आणि काचेला लागून असलेल्या वस्तूंचे हाल त्याच प्रकारचे. माझ्या दुसऱ्या नमुन्याची चौकट थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये काढलेली होती. दुपारी गाडी उभी केली, संध्याकाळी आलो तर चौकट गळपटलेल्या पोळीसारखी लोंबत होती. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, बाकीची प्लास्टिकं उशिरा: पीईटीजी ८० ला, एबीएस १०५ ला, पॉलिकार्बोनेट १४७ ला. चौकट एबीएसची चालेल, पट्टी मात्र २ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटची, यूव्ही (अतिनील) किरण अडवणारा थर आणि ओरखडारोधक थर असलेली. अ‍ॅक्रिलिक उन्हात टिकतं चांगलं, पण फुटलं की धारदार तुकडे होतात. तोंडापासून ३५ सेंटीमीटरवर ते मला नको.

कापलेली पट्टी लावून बघितलीत की एक गंमत दिसेल. खालची कड दिव्याच्या तारेसारखी उजळून निघते. पट्टीत शिरलेलं ऊन आतल्या आत परावर्तित होत कडेशी बाहेर पडतं आणि ती पांढरी रेघ नेमकी नजरेच्या वर येते. कड गोल घासून तिच्यावर मॅट काळा रंग दिला की रेघ गायब. दुसरा त्रास आरशासारख्या चमकेचा. पॉलिकार्बोनेटचा गुळगुळीत पृष्ठभाग ५ टक्के प्रकाश परत फेकतो. एरवी ते जाणवत नाही, पण पलीकडून येणारा उजेडच १० टक्के असेल तर स्वतःचा उन्हातला पांढरा शर्ट पट्टीत सिग्नलवर छापल्यासारखा दिसतो. पट्टीची खालची कड १० अंश स्वतःकडे कलती ठेवा, मग तिच्यात शर्टाऐवजी सावलीतलं छत दिसेल.

सरकण्याची खाच करताना ड्रॉवर आठवा. रुंद आणि उथळ ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन अडकतो. ढोबळ नियम असा की ओढण्याची जागा मध्यापासून जितकी दूर, त्याच्या निम्मी तरी लांबी खाचेत शिल्लक राहिली पाहिजे. १९ सेंटीमीटरची पट्टी कोपऱ्याला धरली तर ते अंतर साडेनऊ, म्हणजे पूर्ण उतरल्यावरही ५ सेंटीमीटर आत हवी. ७ अधिक ५, पट्टीची एकूण उंची १२. बोट घालायची जीभ मध्यभागी ठेवा, तरी लोक कोपराच धरणार. एवढ्या पट्टीचं वजन ५५ ग्रॅमच्या आसपास भरतं. खड्ड्यात त्यावर तिप्पट जोर वाढला तरी खाली खेचणारं बल २ न्यूटनच्या थोडं वर जातं. खाचेत नमद्याच्या पट्ट्या चिकटवून ४ न्यूटनला सरकेल एवढी घट्ट केली की ती स्वतःहून घसरत नाही, खडखडत नाही, आणि एका बोटाने हलते. बिजागरी, स्प्रिंग, स्क्रू कशाचीच गरज पडली नाही.

चौकटीसकट सगळं १५० ग्रॅमच्या आत ठेवा. मूळ व्हायझर ज्या दांडीवर फिरतो तिला एका बाजूने सपाट केलेलं असतं आणि आतली स्प्रिंगची क्लिप तिथे बसते, तीच व्हायझरला वर धरून ठेवते. जास्त वजन टांगलंत की ती क्लिप ढिली होते आणि मग व्हायझरच डोळ्यांसमोर येऊन पडतो.

डोक्याचा विचार सगळ्यात आधी करायला हवा होता, पण असो. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०१ या वाहन-सुरक्षा मानकात व्हायझर ऊर्जा शोषणाऱ्या साहित्याचा किंवा तशा साहित्याने मढवलेला असावा अशी अट आहे, आणि त्याच्या बैठकीची जी कठीण कड १६५ मिलिमीटर व्यासाच्या डोक्याएवढ्या गोळ्याला लागू शकते, तिच्या गोलाईची त्रिज्या किमान ३.२ मिलिमीटर हवी. तुमच्या चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्याला हाच आकडा लावा. २ मिलिमीटरच्या पट्टीला एवढी गोलाई देता येत नाही, म्हणून खालच्या कडेवर मऊ रबराची गोल नळी चिरून बसवा. काळी घेतलीत तर ती कडेची रेघही झाकते. व्हायझरवरचा एअरबॅगचा इशारा झाकू नका. पट्टी बाजूच्या खिडकीकडे वळवून वापरायचा विचार असेल तर कडेचा पडदा-एअरबॅग छताच्या कडेतून तिथेच उघडतो, त्यामुळे खांबावर किंवा छताच्या कडेवर काहीही स्क्रूने बसवू नका.

राहिली मोटर आणि सेन्सर. डॅशबोर्डवरच्या सेन्सरला डॅशबोर्डवरचं ऊन कळतं, तुमच्या डोळ्यावर सावली आहे की नाही हे त्याला कळत नाही. झाडांच्या रांगेतून जाताना ऊन-सावली, ऊन-सावली होते. मोटर तेवढ्या वेळा पट्टी वर-खाली करत बसेल नाहीतर उशिरा जागी होईल. बोगद्यात शिरताना तर पट्टी त्याच क्षणी वर जायला हवी. म्हणून मोटरऐवजी हातच बरा. माझी चाचणी साधी आहे: उभ्या गाडीत डोळे मिटून बसा, कोणीतरी ‘बोगदा’ म्हणालं की एका हाताने, न चाचपडता, पट्टी आत गेली पाहिजे. माझ्या तिसऱ्या नमुन्याला ते एका सेकंदात जमलं, जीभ साडेतीन सेंटीमीटर रुंद केल्यावर.