अंतराळातल्या कॅम्पेनसाठी कोणती सिस्टीम घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच जणांचा गट आहे, डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं रंगवायचा खेळ) पाचवी आवृत्ती भरपूर खेळून झाली आहे. आता एक जुनं मालवाहू जहाज, ग्रहाग्रहांवरचा व्यापार आणि अधूनमधून गोळीबार असं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी एक सलग गोष्ट) करायचं आहे. त्यासाठी डी अँड डीच बदलून घ्यावी की नवी सिस्टीम, म्हणजे नवा नियमसंच, शिकावी? आणि नवी, तर कोणती?

नवी शिका. कारण आकड्यांतच दिसतं. पाचव्या लेव्हलचा फायटर (लढवय्या) घ्या, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४. त्याचे सरासरी हिट पॉइंट, म्हणजे पडण्याआधी सोसता येणारं नुकसान, होतात ४४. डंजन मास्टरसाठीच्या (खेळ चालवणाऱ्यासाठीच्या) २०१४च्या पुस्तकात लेझर पिस्तूल दिलेलं आहे, नुकसान ३डी६ (तीन सहाचे फासे), म्हणजे सरासरी साडेदहा. पाच वार लागले तर तो पडणार, आणि जगला तर आठ तासांच्या विश्रांतीनंतर पूर्ण बरा. अशा माणसावर कस्टम्सच्या शिपायाने पिस्तूल रोखलं तर खेळाडू बोलणी कशाला करतील? ते सरळ इनिशिएटिव्ह रोल करतील, म्हणजे लढाईच सुरू करतील, आणि नियमांच्या हिशेबाने त्यांचं बरोबरच असेल. नुसती तलवारीची बंदूक केली म्हणून ही सवय जात नाही.

आता निवडीचं. ‘सायन्स फिक्शन’ एवढ्यावरून सिस्टीम निवडता येत नाही, कारण त्यात काहीही बसतं. स्वतःला एकच प्रश्न विचारा: आपल्या खेळात सतत काय संपत जाणार आहे? पैसा, हवा, धीर, वेळ की गोळ्या? जे संपत जातं त्याचे नियम ज्या सिस्टीममध्ये सगळ्यात पक्के, ती तुमची.

एकच प्रसंग अंतराळातल्या तीन सिस्टीममध्ये लावून बघा: ट्रॅव्हलर, मदरशिप आणि स्कम अँड व्हिलनी. मालाच्या कोठीला बारीक भोक पडलंय, हवा गळतेय, आणि जेमतेम शिकलेला इंजिनिअर ठिगळ लावायला धावतो.

ट्रॅव्हलरमध्ये दोन सहाचे फासे टाकायचे, त्यात स्किलचा आकडा मिळवायचा, ८ किंवा वर आलं की काम झालं. स्किल १ असेल तर शक्यता साधारण ५८ टक्के, २ असेल तर ७२. स्किल अजिबातच नसेल तर उणे ३, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास. इथे शिकलेला आणि न शिकलेला यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, म्हणून जहाजावर कोण आहे याला अर्थ येतो. मदरशिपमध्ये शंभराच्या फाशावर आपल्या आकड्याच्या खाली पडावं लागतं. बुद्धी ३५, शिकलेल्या स्किलचे १०, म्हणजे शक्यता ४५ टक्क्यांच्या आसपास. चुकलात की ताण १ने वाढतो, आणि पुढे पॅनिकची वेळ आली की वीसचा फासा त्या ताणाएवढा किंवा त्याहून खाली पडला तर माणूस कोलमडतो. हवा गळतेय याची भीती ही सिस्टीम स्वतःच तयार करते. स्कम अँड व्हिलनीमध्ये ‘रिग’चे (यंत्रांच्या कामाचे) दोन ठिपके असतील तर दोन फासे टाकून मोठा तो धरायचा. निर्भेळ यश ३१ टक्के, सरळ अपयश २५, आणि उरलेल्या ४४ टक्के वेळा काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं: ठिगळ बसलं, पण माल बाहेर गेला. गोष्ट पळवायला हे फार छान, पण जीएमला (खेळ चालवणाऱ्याला) दर दोन मिनिटांनी नवी अडचण सुचावी लागते. तशी सवय नसेल तर तासाभरात दमछाक होते.

तुम्ही वर्णन केलेल्या कॅम्पेनमध्ये पैसा संपत जातो. म्हणून मी ट्रॅव्हलर घेईन. ही सिस्टीम १९७७ची. आज मिळते ती मोंगूस या प्रकाशकाची आवृत्ती. तिचं खरं इंजिन म्हणजे जहाजाचं कर्ज. किमतीच्या २४०व्या भागाएवढा मासिक हप्ता, ४८० महिने. समजा जहाज ४ कोटी ८० लाख क्रेडिटचं आहे: महिन्याला २ लाख. एक जंप (एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची उडी) म्हणजे साधारण आठवडा, मग बंदरात माल उतरवणं, नवा शोधणं, यात दुसरा आठवडा. म्हणजे महिन्यात फेऱ्या दोनच, आणि दर फेरीला हप्त्याचेच १ लाख सुटायला हवेत. इंधन, पगार, देखभाल वेगळी. पुढच्या बंदरात कोणी संशयास्पद पेटी न्यायला दुप्पट भाडं देऊ केलं, तर खेळाडू स्वतःहून ती घेतात. जीएमला त्यांना ढकलावं लागत नाही. हे मला या खेळाचं सगळ्यात सुंदर अंग वाटतं.

जखमांचंही तसंच. वेगळे हिट पॉइंट नाहीत. नुकसान आधी एन्ड्युरन्समधून (दम) आणि मग स्ट्रेंग्थ (ताकद) किंवा डेक्स्टेरिटीमधून (चपळाई) वजा होतं. सरासरी माणसाचे तिन्ही मिळून २१. तीन फाशांचं हत्यार अंगावर चिलखत नसताना दोनदा लागलं की माणूस बहुधा आडवा. तो कस्टम्सचा शिपाई इथे खरा वाटतो.

पण ट्रॅव्हलर कुठे बिघडतो ते आधीच ऐका. पहिली गोष्ट, लेव्हल नाहीत. स्किल वाढायला खेळातले कित्येक आठवडे जातात. डी अँड डीवरून आलेला खेळाडू चौथ्या सेशनला (बैठकीला) ‘आम्ही कधी वाढणार?’ असं विचारतो. इथे वाढतं ते जहाज, ओळखी आणि शत्रू. हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा, नाहीतर नाराजी साचत जाते. दुसरी, व्यापाराचा हिशेब टेबलावर करू नका. एक जण आकडेमोड करतो, चौघं फोन बघतात. माल आणि भाव यांचे रोल दोन सेशनच्या मधल्या दिवसांत उरका, टेबलावर फक्त निर्णय आणा: हा माल घ्यायचा की तो, आणि कुठे न्यायचा. तिसरी, एकाचं ब्रोकर (सौदा करण्याचं) स्किल ३-४ झालं की चार-पाच फेऱ्यांत पैसा एवढा साठतो की हप्त्याचा ताणच उरत नाही. खरेदीला उपलब्ध माल कमी ठेवा. पैसा साठलाच, तर त्याच्यावर डोळा असलेलं कोणीतरी आणा. चौथी, जहाजांच्या लढाईत पायलट आणि गनर खेळतात, बाकीचे बसून राहतात. लढाई सुरू होण्याआधी प्रत्येकाच्या शीटवर त्याची जागा लिहा: सेन्सर, इंजिन, दुरुस्ती, कप्तान.

कॅरेक्टर घरून करून आणायला सांगू नका. नोकरीच्या चार-चार वर्षांच्या टर्ममधून माणसाचं आयुष्य रोलने उलगडतं. ३४व्या वर्षापासून वयाचे रोल लागतात. १९७७च्या नियमांत कॅरेक्टर या टप्प्यातच मरू शकत असे, आता अपघात होऊन नोकरी जाते. एकत्र बसून केलं तर एकाची घटना दुसऱ्याच्या घटनेला जोडता येते आणि त्याबद्दल दोघांनाही एक जादा स्किल मिळतं. पाच जणांना एक अख्खं सेशन लागेल. ते वाया जात नाही, कारण शत्रू आणि ओळखी तिथेच जन्माला येतात.

गटाला लेव्हल हव्याच असतील तर स्टार्स विदाउट नंबर, सुधारित आवृत्ती. तिची एक आवृत्ती फुकट मिळते. हल्ला वीसच्या फाशावर, स्किल दोन फाशांवर, त्यामुळे तुमच्या खेळाडूंना ती एका संध्याकाळी कळेल. सावधगिरी एकच: सुरुवातीला हिट पॉइंट फार कमी असतात, लेव्हलला एक सहाचा फासा. पहिल्या साहसात टाळता न येणारी लढाई ठेवलीत तर एकदोघं गेलेच समजा. आणि सिस्टीम कोणतीही घेतलीत तरी तिच्यातले ग्रहांचे टॅग (ग्रहाचं वैशिष्ट्य सांगणारी लेबलं) वापरा. प्रत्येक ग्रहाला दोन टॅग रोल करायचे, आणि प्रत्येकाखाली शत्रू, मित्र, गुंतागुंत, वस्तू, ठिकाणं यांच्या याद्या तयार. दहा मिनिटांत ग्रह उभा राहतो.

बाकीच्यांचं पटकन. नकाशावरच्या डावपेचांच्या लढाया हव्या असतील तर स्टारफाइंडर. तंत्रज्ञानाचा बारीक तपशील हवा असेल तर गर्प्स, पण स्किलची यादी जीएमने आधी छाटून दिली नाही तर कॅरेक्टर करतानाच लोक थकतात.

पुस्तक विकत घेण्याआधी अडीच तासांची चाचणी घ्या. तयार कॅरेक्टर आणि फुकट मिळणारे प्राथमिक नियम पुरतात. तीनच प्रसंग खेळा: कस्टम्सची झडती, ती गळकी कोठी, आणि अरुंद बोळात चार विरुद्ध चार गोळीबार. वहीत तीन गोष्टी टिपा: पुस्तक किती वेळा उघडावं लागलं, झडतीच्या प्रसंगात नियमांनी काही मदत केली का, आणि लढाईची एक फेरी किती मिनिटं चालली. तुमच्या खेळात लढाई ‘अधूनमधून’ आहे. पाच जणांत एक फेरी दहा मिनिटांच्या वर गेली, तर ती सिस्टीम तुमच्यासाठी जड आहे.