मिडिएशनने घटस्फोट मिटवायचा असेल तर स्वतःचा वकील लागतोच का?

तुम्ही लिहिलंय, नवरा म्हणतो, "मिडिएशनला बसून मिटवू, वकिलाला कशाला पैसे घालायचे?" ताई, मिडिएशनला जरूर बसा. पण कन्सेंट टर्म्सवर (दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या करारावर) सही करण्याआधी तो मसुदा तुमच्या स्वतःच्या वकिलाने वाचलेला हवाच. मध्यस्थ दोघांचा असतो. तुमचं नुकसान होतंय हे सांगणं त्याचं काम नाही.

माझं पुण्यात झालं. तिसऱ्या बैठकीत ठरलं की फ्लॅट त्याच्याकडे राहील, माझ्या हिश्शाचे पैसे तो देईल आणि हप्तेही तोच भरेल. मी इतकी थकले होते की तिथेच सही केली असती. माझ्या वकीलबाईंनी एकच विचारलं, "कर्जातून तुझं नाव कधी निघणार?" तुमच्या दोघांत काहीही ठरो, बँक त्याला बांधील नसते. सहकर्जदार म्हणून नाव राहिलं आणि त्याने हप्ते थकवले, तर बँक तुमच्याही दारात येते, सिबिलही खराब होतो. त्यांनी मसुद्यात घातलं की कर्जातून माझं नाव काढल्याचं बँकेचं पत्र आधी येईल, मगच मी रिलीज डीडवर (फ्लॅटमधला हक्क सोडल्याच्या दस्तावर) सही करेन. या एका कलमाने मला पुढची कित्येक वर्षं निवांत झोप दिली.

पैशांचे टप्पेही असेच बांधून घ्या. आम्ही अर्धी रक्कम याचिका दाखल करताना आणि अर्धी शेवटच्या तारखेला डीडीने ठेवली होती. कारण परस्पर संमतीच्या घटस्फोटात हुकूम होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितलंय.

मुलं असतील तर "आठवड्यातून एकदा भेट" एवढ्यावर थांबू नका. दिवाळी, मे महिन्याची सुट्टी, आणणं-सोडणं कुणी करायचं, सगळं लिहा. आमची खरी भांडणं तिथेच होती आणि मध्यस्थबाईंनी ती फार मायेने सोडवली. कोर्टात हे जमलं नसतं. मुलांची पोटगी मात्र घाईत सोडून देऊ नका, तो त्यांचा हक्क आहे.

हिंदू विवाह कायद्याखाली असाल तर याचिका दाखल केल्यानंतरची सहा महिन्यांची वाट प्रत्येक वेळी पाहावी लागत नाही. वेगळं राहून दीड वर्ष झालं असेल आणि पोटगी, ताबा सगळं खरोखर मिटलं असेल, तर 2017 च्या निकालानुसार कोर्ट ती माफ करू शकतं.

आणि फीची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. पहिल्या बैठकीच्या आधीच जा. सोबत कर्जाचं स्टेटमेंट आणि स्त्रीधनाची यादी न्या.