स्फोट म्हणू की ढग? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार. आमच्याकडे जुने प्रिंट, स्लाइड, निगेटिव्ह असं सगळं स्कॅन करून डिजिटल आर्काइव्ह करायचं काम चालू आहे. टॅग लावायला आम्ही तिघं आहोत आणि एका बाबतीत आमचं अजिबात जमत नाहीये. मशरूमसारखा ढग दिसला की आमच्यातला एक जण सरळ 'स्फोट' टाकतो, दुसरी म्हणते जे दिसतंय तेवढंच लिहायचं, म्हणजे 'ढग', आणि मी वैतागून दोन्ही लावून मोकळा होतो. परिणाम असा की 'स्फोट' सर्च केलं की अणुचाचण्या, ज्वालामुखी, जंगलातल्या आगी आणि चक्क पावसाळी ढग, सगळं एका पानावर येतंय. नक्की काय लावायचं?

उत्तर : तुमच्या सहकारी बाईंचं बरोबर आहे, पण अर्धंच. फोटोत दिसतंय काय आणि तिथे घडलं काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तुम्ही तिघंही दोन्हीची उत्तरं एकाच रकान्यात कोंबताय, म्हणून वाद मिटत नाहीये. रकाने दोन करा. 'काय दिसतं' हा फोटोकडे बघून भरायचा. 'घटना' हा फोटोकडे बघून भरायचाच नाही, तो भरायचा प्रिंटच्या मागच्या शिक्क्यावरून, मूळ कॅप्शनवरून, तारखेवरून, त्याच रोलमधल्या आधीच्या-नंतरच्या फ्रेमवरून. यातलं काहीच हाताशी नसेल तर रिकामा ठेवायचा. रिकामा रकाना दिसला की हात शिवशिवतात हे माहितीय मला, पण अंदाजाने भरलेला रकाना पुढे कुणाला अंदाज म्हणून कळत नाही, तो खराच धरला जातो.

आता मशरूमचं. हा आकार म्हणजे स्फोटाचा पुरावा नाही, हे तिघांनीही एकदा पक्कं करून टाका. खाली कुठेतरी भरपूर उष्णता एकदम किंवा सतत सुटली की गरम हवा वर झेपावते, कडांना आत वळत वळत गोल लोळ तयार होतो, मागे खालून धूळ-धूर खेचला जाऊन देठ बनतो, आणि वर गेल्यावर जिथे आजूबाजूची हवा आणि हा लोट सारखेच जड होतात तिथे तो चढायचा थांबून बाजूला पसरतो. उष्णता अणुबाँबची आहे, ज्वालामुखीची आहे की पेटलेल्या तेलाच्या टाक्यांची, याच्याशी त्या आकाराला काही देणंघेणं नाही. गडगडाटी पावसाचा क्युम्युलोनिंबस ढग पूर्ण वाढला की त्याचाही माथा असाच सपाट पसरतो, लांबून काढलेल्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत भलेभले फसतात.

सगळ्यात मोठं उदाहरण हिरोशिमाचंच आहे. ६ ऑगस्ट १९४५ च्या बाँबचा मशरूम क्लाउड म्हणून वर्षानुवर्षं छापला गेलेला एक फोटो आहे, आणि अभ्यासकांनी नंतर दाखवून दिलं की तो स्फोटातून उठलेला ढग नाहीच, काही तासांनी शहरभर पेटलेल्या आगींच्या धुरातून वर चढलेला तो ढग आहे. फोटो खरा, शहर खरं, दिवसही तोच, तरी लेबल चूक. तुमच्या दोन रकान्यांत हाच फोटो कसा बसेल बघा: दिसतं काय, तर 'धुराचा ढग, विमानातून', घटना, तर 'हिरोशिमा अणुहल्ला, नंतरची आग'. काहीच खोटं लिहावं लागत नाही आणि हिरोशिमा शोधणाऱ्याला फोटो सापडतोही.

उलट बाजूही बघा, म्हणजे स्फोट आहे आणि ढग नाहीच. अमेरिकी अभियंते हॅरल्ड एजर्टन यांच्या रॅपट्रॉनिक या अतिवेगवान कॅमेऱ्याने १९५० च्या दशकात अमेरिकेच्या अणुचाचण्यांचे फोटो काढले, स्फोटानंतर सेकंदाच्या अगदी चिमुकल्या भागातले. त्यात मशरूम-बिशरूम काही नाही, एक डागाळलेला, फुगवटे आलेला गोळा आहे आणि काही फोटोंत त्याला खालून काट्यांसारखी टोकं फुटलेली दिसतात. ज्या मनोऱ्यावर बाँब ठेवला होता त्याच्या ताणाच्या दोऱ्या त्या प्रकाशाने आधीच पेटून वाफ होतायत, ती ही टोकं. असा फोटो माहिती नसलेल्या माणसाच्या हातात दिला तर तो 'सूक्ष्मजीव' असाही टॅग लावेल, मी त्याला दोष देणार नाही. याला 'मशरूम क्लाउड' लावू नका, 'आगीचा गोळा' लावा, आणि घटनेत 'अणुचाचणी'. मग अणुचाचणी शोधणाऱ्याला दोन्ही प्रकारचे फोटो मिळतील आणि मशरूम क्लाउडचं चित्र हवं असलेल्याला नुसते मशरूम क्लाउड.

प्रश्न : ज्वालामुखीतून वर जाणारा राखेचा लोट 'ढग' या टॅगखाली घ्यावा का? आमच्याकडे हवामानाच्या फोटोंचा वेगळा विभाग आहे, तिथले लोक नको म्हणतात.

उत्तर : त्यांचं ऐका. राखेच्या लोटाला 'राखेचा लोट' असाच टॅग ठेवा. पण त्याच उष्णतेमुळे वर हवेतल्या वाफेचे थेंब होऊन खराखुरा ढग तयार झाला असेल तर तो हवामानवाल्यांच्याच हद्दीत येतो आणि त्यांच्याकडे त्याला नावही आहे. जागतिक हवामान संघटनेच्या इंटरनॅशनल क्लाउड अ‍ॅटलासची २०१७ ची आवृत्ती बघा. जंगलातल्या आगीमुळे किंवा ज्वालामुखीमुळे तयार झालेल्या ढगाला तिथे फ्लॅमाजेनिटस म्हणतात, माणसाच्या उद्योगांमुळे झालेल्याला होमोजेनिटस, त्यात विमानामागची दहा मिनिटांहून जास्त टिकलेली पांढरी रेघसुद्धा येते. आणि लिहायची पद्धत बघा, क्युम्युलोनिंबस फ्लॅमाजेनिटस. आधी आकार, कारण शेवटी, तेही माहीत असेल तरच. वर मी दोन रकान्यांचं सांगितलं ते काही माझं डोकं नाही, ढग बघणारी मंडळी हेच करतायत.

एक जोड अजून. फोटो कुठून काढलाय ते लिहा: जमिनीवरून, विमानातून, उपग्रहावरून. १५ जानेवारी २०२२ ला टोंगातला हुंगा टोंगा ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याचा लोट ५७ किलोमीटरपर्यंत गेला, पण उपग्रहाच्या एकट्या फोटोत नुसत्या नजरेला उंची कळत नाही, समुद्रावर पसरत जाणारी करडी गोल छत्री दिसते. 'उपग्रहावरून' एवढा एक शब्द नसेल तर त्या फोटोला लोक चक्रीवादळ समजून घेऊन जातील.

प्रश्न : एकाच घटनेचे चार फोटो असतील तर चौघांना एकच लेबल चालेल ना? लेबनॉनमधल्या बैरुतच्या बंदरातल्या स्फोटाचे फोटो आहेत. एकात नुसता धूर आहे, एकात पांढरा घुमट, दोनात लालसर लोट.

उत्तर : घटना एकच, ती चौघांना सारखीच लावा: बैरुत बंदर, ४ ऑगस्ट २०२०. पण 'काय दिसतं' चौघांना एकच लावलंत तर हा संच असून नसल्यासारखा होईल. पहिला फोटो स्फोटाच्या आधीचा आहे, गोदामाला लागलेल्या आगीचा धूर, त्याला 'स्फोट' म्हणायचं नाही. लालसर-तपकिरी रंग येतो नायट्रोजन डायऑक्साइडमुळे, कारण तिथे साठवलेलं अमोनियम नायट्रेट फुटलं.

आणि तो पांढरा घुमट, तो मला या सगळ्यात जास्त आवडतो, कारण सगळे त्याला धूर म्हणतात आणि तो धूर नसतोच. धक्क्याची लाट पुढे गेली की तिच्यामागे हवेचा दाब क्षणभर कमी होतो, दमट हवा एकदम गार पडते, आणि वाफेचे थेंब होतात. म्हणजे साधं पाणी, साधा ढग, एक-दोन सेकंदात विरून जाणारा. समुद्राजवळच्या दमट हवेत हमखास दिसतो. २५ जुलै १९४६ ला प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांपाशी पाण्याखाली केलेल्या 'बेकर' अणुचाचणीच्या फोटोंतही हाच आहे, त्याला विल्सन क्लाउड म्हणतात. तेव्हा इथे मात्र 'ढग' टॅग बिनधास्त लावा, हवामान विभागाने नाक मुरडलं तरी. 'बाष्पाचा घुमट' असा वेगळा टॅग केलात तर अजून उत्तम, बैरुत आणि बिकिनीचे फोटो शेजारी शेजारी येतील.

प्रश्न : अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या फोटोवर मूळ कॅप्शन 'यानाचा स्फोट' असं आहे. आता म्हणतात तो स्फोट नव्हताच. कॅप्शन बदलू का?

उत्तर : मूळ कॅप्शनला हात लावू नका. ते 'मूळ कॅप्शन' अशा वेगळ्या रकान्यात जसंच्या तसं, चुकांसकट राहू द्या, लोकांना तेव्हा काय वाटलं याचीही ती नोंद आहे. तुमचं वर्णन तुम्ही वेगळं लिहा. २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणानंतर ७३ व्या सेकंदाला बाहेरची इंधनटाकी फुटून हायड्रोजन-ऑक्सिजन बाहेर पडले आणि पेटले, यान हवेच्या माऱ्याने तुटलं. दिसतो तो ढग, त्यातून दोन बाजूंना निघालेल्या बूस्टरच्या, म्हणजे यानाला जोडलेल्या रॉकेटच्या, धुराच्या रेघा. घटनेत 'यान दुर्घटना' लिहा आणि 'स्फोट' हा शब्द सर्चपुरता मागे जोडून ठेवा, म्हणजे तो टाइप करणाऱ्यालाही फोटो सापडेल. तसंच 'ब्लास्ट', 'धमाका', 'विस्फोट' हे सगळे 'स्फोट'कडेच वळवा, प्रत्येकाचा वेगळा टॅग करत बसलात तर सहा महिन्यांत चार अर्धवट ढीग होतील.

प्रश्न : अवकाशातले फोटो? क्रॅब नेब्युला ढग की स्फोट?

उत्तर : दिसतो वायूचा ढग, घटना सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, चिनी खगोल निरीक्षकांनी १०५४ मध्ये त्याची नोंद केलेली आहे. ओरायन नेब्युलाही ढगच, पण तिथे तारे जन्माला येतायत, घटनेत सुपरनोव्हा टाकू नका. दोन्ही पृथ्वीवरच्या ढगांपासून लांब ठेवा.

प्रश्न : आम्ही ऑटो-टॅगिंगचं सॉफ्टवेअर लावलंय. सूर्यास्ताच्या ढगांना ते 'स्फोट' म्हणतं, आणि पोस्टरसाठी रंगीत धूर शोधणाऱ्याला हिरोशिमा दाखवतं. बंद करून टाकू का?

उत्तर : बंद नको, पण त्याचे टॅग माणसांच्या टॅगमध्ये मिसळू देऊ नका. वेगळा रकाना, त्यावर 'मशीन' असा शिक्का, आणि माणसाने बघितल्याशिवाय बाहेरच्या सर्चला दिसायचे नाहीत. नारिंगी रंग आणि फुगीर कडा दिसल्या की ते स्फोट म्हणणारच, आपला एक सहकारीही तेच करतोय असं पहिल्या पत्रात आलंच आहे.

हिरोशिमाचं मात्र सॉफ्टवेअरवर ढकलू नका, ते तुमच्या रचनेचं काम आहे. ज्या घटनेत माणसं मेली तिथे घटनेच्या रकान्यातच 'जीवितहानी' अशी खूण ठेवा आणि सजावट, बॅकग्राउंड, टेक्स्चर असल्या सर्चमधून ते फोटो आपोआप वगळले जातील अशी सेटिंग करून घ्या. सिनेमासाठी केलेले किंवा कॉम्प्युटरवर बनवलेले स्फोट असतील तर त्यांना 'रचलेलं दृश्य' ही खूण हवीच, आणि ती आजच लावा, कारण हे दोन ढीग एकदा एकमेकांत मिसळले की नुसत्या नजरेने परत वेगळे करता येणार नाहीत.