गाठ काढायची की नुसते लक्ष ठेवायचे?

12 व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत पत्नीच्या गर्भपिशवीत 6 सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ दिसली, तुम्ही राहता त्या परदेशातल्या डॉक्टरांनी मात्र 'लक्ष ठेवू' एवढेच सांगितले, आणि 'गाठ आत्ताच का काढत नाहीत?' असे मायदेशातले नातेवाईक रोज फोनवर विचारत आहेत, अशी तुमची अडचण आहे.

डॉक्टरांचे बरोबर आहे. गाठ म्हटले की घरच्यांच्या मनात आधी कर्करोग येतो. फायब्रॉइड ही मात्र गर्भपिशवीच्या स्नायूंचीच कर्करोग नसलेली वाढ असते आणि बहुतेक गरोदर स्त्रियांना तिचा त्रास होत नाही. या काळात गर्भपिशवीला रक्तपुरवठा खूप वाढलेला असल्याने गाठ काढताना मोठा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ती शस्त्रक्रिया अगदी अपवादानेच करतात. सिझेरियनच्या वेळीसुद्धा, बाळ बाहेर काढण्याच्या आड येत नसेल, तर गाठीला सहसा हात लावत नाहीत.

पुढच्या भेटीत गाठीच्या आकाराबरोबर तिची जागाही विचारून घ्या. बाहेरच्या अंगाला वाढलेली गाठ बहुधा निरुपद्रवी ठरते. पण वार (प्लासेंटा) नेमकी गाठीवर रुजली असेल, तर वार वेळेआधी सुटण्याचा धोका वाढतो, आणि मोठी गाठ गर्भपिशवीच्या तोंडाशी असेल, तर बाळ आडवे किंवा पायाळू राहून सिझेरियन करावे लागू शकते. गाठीमुळे पोटावरून टेपने घेतलेले माप फसवे निघते, त्यामुळे बाळाची वाढ सोनोग्राफीनेच पाहावी लागते.

खरी परीक्षा असते ती दुखण्याची. गाठीला रक्त अपुरे पडले की तिचा आतला भाग मरू लागतो, आणि मग, बहुधा दुसऱ्या तिमाहीत, एकाच जागी तीव्र कळा येतात, कधी हलका तापही येतो. विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल यांवर हे दुखणे बहुधा काही दिवसांत ओसरते. मात्र दुखणे गाठीचेच आहे, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते, आपण नव्हे. घरात पडलेली आयबुप्रोफेनची गोळी त्यांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नका, कारण विशेषतः 20 आठवड्यांनंतर तिचा बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. रक्तस्राव, पाणी जाणे, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवले तर फोनवर कोणाचा सल्ला घेत न बसता तडक रुग्णालय गाठावे.

पत्नीची गाठीची शस्त्रक्रिया पूर्वी मायदेशात झालेली असल्यास डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. छेद किती खोल गेला होता, हे लिहिलेली शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागवा, कारण नैसर्गिक बाळंतपणाची जोखीम घ्यायची की नाही, हे पुष्कळदा तिच्यावरच ठरते. हिमोग्लोबिन आतापासूनच सांभाळा. मोठी गाठ असताना बाळंतपणानंतर रक्तस्राव जास्त होण्याचा संभव असतो.

बाळंतपणानंतर अशा गाठी बऱ्याचदा आपोआप आकसतात. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून घ्या. गाठ काढायची का, या नातेवाइकांच्या प्रश्नाला तेव्हा नीट उत्तर देता येईल.