निर्गुडीचा झोन आणि पत्राखालची एक ओळ

तासगावच्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी सांगलीत टीवाय बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला. प्रोजेक्टमध्ये तिनं निर्गुडीच्या पाल्याचा अर्क काढून जंतूंवर टाकला, 14 मिलिमीटरचा झोन आला, म्हणजे प्लेटमध्ये तेवढ्या गोल जागेत जंतू वाढले नाहीत. आता याचं पेटंट काढावं, का तिला परत नीटला बसवून बीएएमएस करावं, असं विचारतायत. नीट दोनदा देऊन झालीय.

दादा, मार्कांची मला काही काळजी वाटली नाही, काळजी वाटली ती तुमच्या 'आम्ही'ची. आम्ही नीटचं ठरवलं, आम्ही बीएस्सीला घातलं, आम्ही आता पेटंटचं बघतोय... आणि पोरीला काय पाहिजे ते दोन पानांत कुठंच नाही. तुम्ही पत्राचा फोटो पाठवलाय, त्यात अगदी खाली वेगळ्या पेनानं, बारीक अक्षरात एक ओळ आहे, तुम्ही बघितली नसणार. "सर, नुसत्या मेथॅनॉलच्या कंट्रोललापण 11 आलाय, बाबांना सांगितलं नाही."

पाल्यातला अर्क मेथॅनॉलनं काढतात, आणि मेथॅनॉल स्वतःच जंतू मारतं. म्हणून शेजारी नुसतं मेथॅनॉल टाकून बघायचं असतं, त्यालाच कंट्रोल म्हणतात, तिनं ते बघितलं. म्हणजे तुमच्या 14 मधलं निर्गुडीचं किती आणि मेथॅनॉलचं किती हे अजून कुणालाच माहीत नाही. बरं, सगळं निर्गुडीचं निघालं तरी प्लेटमध्ये जंतू मेले म्हणजे औषध सापडलं असं होत नाही हो, फिनाईलनंपण मरतात, ते कोण पितं का? किती कमी डोसात मरतात, माणसाच्या पेशींना काय होतं, पोटातून रक्तात जातं का, हे सगळं पुढंच आहे. अँटीऑक्सिडंटचंही तेच, त्या चाचणीतल्या डीपीपीएच या रसायनाचा जांभळा रंग उडून पिवळा झाला की लोक खूश, पण घरातला चहा टाकला तरी तो उडतो. (आजी गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकायची, बरं वाटायचं, त्याचा या प्लेटशी संबंध नाही.)

पेटंटचं तर सोडाच. जखमेवर हळद लावायचं पेटंट अमेरिकेनं 1995 ला दिलं होतं, आपल्या सीएसआयआरनं (सरकारी संशोधन संस्थेनं) जुने दाखले लावून 1997 ला ते रद्द करायला लावलं, कारण त्यात नवीन काही नव्हतंच. हळदीच्या सांगलीत राहून हे मी तुम्हाला सांगायचं!

बीएएमएस म्हणजे पेशंट बघायचे, प्लेटा लावायच्या नाहीत. तिला ते पाहिजे असेल तर तिनं सांगावं, तुम्ही नाही. नाहीतर शिवाजी विद्यापीठात एमएस्सी, जोडीला जॅम (आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा), पुढं नेट (प्राध्यापकी-संशोधनाची परीक्षा), हा रस्ता सगळ्यांना माहीत आहे, आणि कंपन्यांच्या क्यूसी म्हणजे माल तपासायच्या लॅबमध्येही मायक्रोवाले लागतातच.

स्वतःच्या रिझल्टवर शंका घेणारी पोरं मला वर्षाकाठी दोन-चार भेटतात. तुमच्या घरात एक आहे, आणि ती तुम्हाला सांगायला घाबरतेय, एवढंच मला खटकलं.

आता हे तिच्यासाठी. पोरी, अर्कातलं मेथॅनॉल पूर्ण उडवून घे, वाळलेला अर्क डीएमएसओ या दुसऱ्या द्रावकात विरघळव, नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल लाव आणि तीन-तीन प्लेटा कर. जो आकडा येईल तो आधी बाबांना दाखव, मग मला पाठव. शून्य आला तरी पाठव.