जन्मतारखांची वही

चि. भाचीस,

सप्रेम आशीर्वाद.

रेकॉर्ड प्लेअर घेतल्याचे कळले आणि आनंद झाला. जॅझच्या पहिल्या शंभर रेकॉर्डची यादी तू मागितली आहेस, ती मात्र मी देणार नाही. यादी हाती आली की वाणसामानाच्या चिठ्ठीसारख्या खुणा करत तू ती पुरी करशील आणि वर्षभरात तुझे कपाट भरेल, पण त्यातल्या निम्म्या रेकॉर्ड जेमतेम एकदा वाजलेल्या असतील. त्यापेक्षा एक वही कर. एका पानावर एक वादक. वर त्याची जन्मतारीख, खाली तुझ्याकडे असलेल्या त्याच्या ध्वनिमुद्रणांच्या तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशीचे त्याचे वय. त्याच्या वाढदिवशी त्याचेच वादन ऐकायचे, आधीचे आधी आणि नंतरचे नंतर. ऐकताना जे उणे वाटेल तेवढेच पुढे विकत घ्यायचे.

वाढदिवस असे साजरे करण्याची कल्पना माझी नव्हे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे डब्ल्यूकेसीआर हे नभोवाणी केंद्र मोठ्या वादकांच्या वाढदिवशी अहोरात्र त्यांचेच संगीत लावते. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचा जन्म २७ ऑगस्ट १९०९ चा आणि दुसरा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याचा २९ ऑगस्ट १९२० चा, म्हणून तिथे या दोन्ही तारखा जोडून सलग तीन दिवस दोघांचेच वादन चालते. तारखा जवळ आल्या हा योगायोग. दोघांचे नाते मात्र पक्के आहे, आणि ते जुळले रेकॉर्डमुळे. १९३७ च्या उन्हाळ्यात पार्कर मिसूरीतल्या ओझार्क डोंगरांमध्ये एका बँडबरोबर नोकरीला होता, आणि तिथे त्याने लेस्टरचे सोलो, म्हणजे एकट्याने वाजवलेले भाग, रेकॉर्डवरून जसेच्या तसे बसवले. तेव्हा तो सतरासुद्धा पूर्ण नव्हता.

तुझी वही याच दोन पानांनी सुरू कर. लेस्टरने ९ नोव्हेंबर १९३६ रोजी शिकागोत वाजवलेले ‘लेडी बी गुड’ ऐक. रेकॉर्डसाठी वाजवण्याची त्याची ती पहिलीच वेळ, वय २७. सूर मोजके, वाक्ये लांब, आणि तालाच्या किंचित मागे रेलून चालल्याचा भास. मग पार्करचे २६ नोव्हेंबर १९४५ चे ‘को-को’ लाव, वय २५. पहिल्यांदा वेगाने दमछाक होईल, तरी उसंत न घेता लगेच पुन्हा ऐक. त्या धबधब्याखाली लेस्टरच्या लांब वाक्यांचीच घडण तुला सापडेल. या मुद्रणाचा एक अर्धवट राहिलेला टेक, म्हणजे मुद्रणाचा एक प्रयत्नही, पुढे प्रसिद्ध झाला. ‘को-को’ची स्वरसंगती ‘चेरोकी’ या गाण्याची आहे. त्या टेकमध्ये वादक मूळ गाण्याची चालच वाजवू लागतात आणि मध्येच थांबवले जातात. पुढच्या टेकमध्ये ती चाल वगळलेली आहे. असे अर्धवट टेक गोळा करणाऱ्यांना लोक हसतात, पण घडता घडता संगीत कानावर पडते ते तिथेच.

वय लिहून ठेवण्याचा उपयोगही याच मुद्रणापासून दिसू लागतो. त्या दिवशीच्या ‘नाउज द टाइम’मध्ये ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस आहे, वय १९. आता माइल्सचे पान उघड: जन्म २६ मे १९२६. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ चा, म्हणजे तो अवघ्या चार महिन्यांनी धाकटा. तरीही माइल्स पार्करशेजारी उभा राहिल्यानंतर दहा वर्षांनी, १९५५ मध्ये, कोल्ट्रेन माइल्सच्या पंचकात, म्हणजे पाच वादकांच्या बँडमध्ये, आला. कोल्ट्रेनला आपण माइल्सच्या पुढच्या पिढीचा समजतो, ते या मधल्या दहा वर्षांमुळे. २ मार्च १९५९ रोजी माइल्सच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या रेकॉर्डचे मुद्रण सुरू झाले तेव्हा दोघेही ३२ वर्षांचे होते. हे ठाऊक असले की त्या सोलोंमध्ये गुरुशिष्य ऐकू येत नाहीत; दोन समवयस्क माणसे एकाच प्रश्नाला अगदी वेगवेगळी उत्तरे देताना ऐकू येतात. ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनचे पान तर २५ व्या वर्षी, १९५६ च्या मोटार अपघाताशी संपते. ते ३० ऑक्टोबरला, त्याच्या वाढदिवशी, उघड.

पार्करच्या पानावर एक मोठी मोकळी जागा राहील. पियानोवादक जे मॅकशॅन याच्या बँडबरोबरचे २ जुलै १९४२ चे मुद्रण झाल्यानंतर त्याचे पुढचे व्यावसायिक मुद्रण थेट १५ सप्टेंबर १९४४ चे. ती जागा भरण्याचा हट्ट धरू नकोस, ती का रिकामी आहे ते समजून घे. रेकॉर्ड आणि ज्यूकबॉक्स यांमुळे वादकांची रोजी बुडते, तेव्हा कंपन्यांनी मोबदला द्यावा, या मागणीसाठी अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्या नोव्हेंबर १९४४ पर्यंत नमल्या नाहीत. त्याच सुमारास लाखेचाही तुटवडा होता. जुन्या तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः आपल्याकडून, छोटा नागपूरच्या जंगलांतून जात असे. युद्धामुळे ती दुर्मीळ झाली आणि अमेरिकी सरकारने तिच्या वापरावर निर्बंध आणले. पार्कर आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये एकत्र होते, म्हणजे बीबॉप ही जॅझची नवी शैली आकार घेत होती नेमके तेव्हा, आणि त्या बँडची एकही रेकॉर्ड दुकानात आली नाही. पैसे मोजून न मिळणाऱ्या वस्तूही असतात, हे संग्राहकाला लवकर कळलेले बरे.

ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगपाशी तू अडशील, म्हणून आधीच सांगतो. तो स्वतः ४ जुलै १९०० ही तारीख सांगत असे. त्याच्या मृत्यूनंतर न्यू ऑर्लिन्सच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद सापडली आणि खरी तारीख ४ ऑगस्ट १९०१ निघाली. वय ऑगस्टच्या तारखेने मोज, पण वाढदिवस दोन्ही कर. त्याच्यासाठी वर्षातून एकच दिवस ठेवणे मला तरी कंजूषपणाचे वाटते. २८ जून १९२८ चे ‘वेस्ट एंड ब्लूज’ तुझ्याकडे नसेल, तर मात्र वाढदिवसाची वाट पाहू नकोस.

आता खरेदीविषयी थोडे. पहिल्या आवृत्तीच्या मागे धावणारे पुष्कळ भेटतील. त्यांना ‘काइंड ऑफ ब्लू’ची गोष्ट विचार. २ मार्चच्या मुद्रणाच्या वेळी मुख्य टेपयंत्र किंचित संथ चालत होते. परिणामी मूळ एलपीची, म्हणजे मिनिटाला ३३ फेरे घेणाऱ्या मोठ्या रेकॉर्डची, पहिली बाजू खऱ्यापेक्षा जरा वरच्या सुरात वाजते. दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून ही चूक सुधारली ती १९९२ मध्ये. मूळ प्रत जवळ बाळगण्याचा आनंद मी नाकारत नाही, पण शिकायला बसशील तेव्हा सुधारलेली आवृत्ती लाव. रेकॉर्ड घेताना कव्हरवर भाळण्याआधी ती उजेडात तिरपी धरून चरे पाहा, आणि लेबलाभोवतीच्या मोकळ्या कड्यात कोरलेले आकडे वाच. विशेषतः जुन्या तबकड्यांवर, मुद्रण कोणते आणि टेक कितवा, हे त्या आकड्यांवरून शोधता येते, आणि वहीत नोंदवायची तारीख तिथूनच मिळते.

माझ्याकडच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, काही तबकड्या दिवाळीला आलीस की घेऊन जा. त्या पोस्टाने पाठवणार नाही, वाटेत फुटतात. मात्र त्यांच्यासाठी जाड टोकाची वेगळी सुई लागते. ती मिळेपर्यंत एलपीच्या सुईने त्या वाजवू नकोस, आणि ठेवशील तेव्हा एकीवर एक न रचता उभ्याच ठेव.

तुझा,
मामा